पेशींची जाळी छापताना: बेळगाव परिसरातल्या प्रयोगशाळांसाठी बायोप्रिंटिंगची कृती

बेळगावात अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, मेडिकल कॉलेज आहे आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हव्या त्या मापाचा भाग कातून देणारी वर्कशॉपं आहेत. बायोप्रिंटिंगला, म्हणजे जिवंत पेशी मिसळलेल्या जेलीसारख्या शाईने (बायोइंकने) थरावर थर छापून ऊती तयार करायला, या तिन्ही ठिकाणची माणसं लागतात. त्यांनी एका टेबलाशी बसून काय करायचं, त्याची ही कृती.

हाती काय लागेल ते आधी सांगतो. जिवंत पेशी असलेली, १५ मिलिमीटर चौरस, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ अशी जाळी, आणि ती आठवडाभर इनक्युबेटरमध्ये जिवंत ठेवण्याचा सराव. किडनी नाही, यकृत नाही. छापलेली किडनी किंवा छापलेलं यकृत आज जगात कुठल्याही रुग्णाला बसवलं जात नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. घरात कुणी डायलिसिसवर असेल तर त्यांनी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत कर्नाटकच्या ‘जीवसार्थकते’ या अवयवदान यंत्रणेत नाव नोंदवावं. या जाळीची वाट पाहत थांबू नये.

मग एवढ्याशा जाळीचा उपयोग काय? अवयव छापण्यातली खरी अडचण आकाराची नाहीच. कानाचा किंवा मूत्रपिंडाचा आकार मशीन सहज काढतं. अडचण आहे ती त्या आकारातल्या पेशी जिवंत ठेवण्याची. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे प्राणवायू पुरेसा झिरपत नाही. म्हणून ज्या ऊतींना मुळातच रक्तवाहिन्या नसतात, त्या आधी हाती लागतात. २०२२ साली हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी ही पेशी-संशोधन संस्था यांनी मिळून छापलेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, सशाच्या डोळ्यात बसवला. त्याच वर्षी अमेरिकेत रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींपासून छापलेला बाहेरचा कान बसवल्याचं जाहीर झालं. कॉर्निया आणि कानाची कूर्चा, दोन्ही रक्तवाहिन्यांविना जगणारी. तुमच्या प्रयोगशाळेला पुढचं काही निवडायचं असेल तर कूर्चा, कॉर्निया, त्वचेचा पातळ थर एवढ्यातलंच निवडा.

मशीन

दाबाने सिरिंजमधून शाई बाहेर काढणारं मशीन शिकायला सगळ्यात सोपं. पूर्ण तयार बायोप्रिंटर महाग पडतो. बरीच कॉलेजं प्लॅस्टिकचा साधा थ्रीडी प्रिंटर घेऊन त्याचं गरम डोकं काढतात आणि तिथे सिरिंज बसवतात. हे चालतं, पण एक गणित नीट समजून घ्या.

५ मिलीलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो, म्हणजे आतलं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. ०.२५ मिलिमीटर नोझलमधून येणाऱ्या धाग्याचं क्षेत्रफळ ०.०४९ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर दट्ट्या १ मिलिमीटर सरकला की २,३०० मिलिमीटर धागा बाहेर पडतो! तुमच्या स्क्रूमध्ये ०.१ मिलिमीटरची जरी ढिलाई असली तरी २३० मिलिमीटर धाग्याचा घोळ होतो; सुरुवातीला काहीच येत नाही आणि थांबल्यावर शाई गळत राहते. म्हणून स्क्रूने दट्ट्या ढकलणार असाल तर १ मिलीलिटरची बारीक सिरिंज वापरा. नाहीतर हवेच्या दाबावर चालणारं डोकं बसवा: लहान कॉम्प्रेसर, तेल आणि पाणी अडवणारा फिल्टर, त्यापुढे ०.२२ मायक्रॉनचा हवेचा फिल्टर, आणि ० ते २०० किलोपास्कल बारकाईने दाखवणारा रेग्युलेटर. गॅरेजमधला रेग्युलेटर इथे कामाचा नाही, त्यावर २० आणि ३० किलोपास्कलमधला फरकच दिसत नाही.

शाईचं तापमान राखायला सिरिंजभोवती ॲल्युमिनियमचा जॅकेट लागतो. वर्कशॉपला नुसता ‘५ मिलीची सिरिंज’ असा तोंडी निरोप देऊ नका. ज्या कंपनीची सिरिंज कायम वापरणार तीच हातात द्या, व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा आणि भोक त्याहून ०.१ ते ०.२ मिलिमीटर मोठं ठेवायला सांगा. भोक घट्ट झालं तर सिरिंज अडकते. सैल झालं तर मध्ये हवा राहते आणि तापमान दाखवणारा आकडा खोटा ठरतो. तापमान मोजणारा सेन्सर जॅकेटच्या खालच्या टोकाशी, नोझलच्या जवळ बसवा.

तापमान, आणि इथली हवा

उन्हाळ्यात कुरडया घालणाऱ्या कुणालाही जिलेटिन शिकवावं लागत नाही. गव्हाचा चीक गरम आहे तोवरच सोऱ्यात भरावा लागतो. गार झाला की तो उतरत नाही, जोर केला तर तुटक तुटक येतो. आणि फारच सैल असला तर कुरडई कापडावर पसरते, तिचे पदर एकमेकांत मिसळतात. जिलेटिन असलेली बायोइंक अगदी अशीच वागते, फक्त तिचा खेळ दोन-तीन अंशांत चालतो. ३० अंशांच्या वर ती पाण्यासारखी पातळ, २० च्या खाली घट्ट. छापायची जागा मधली: सिरिंज २४ ते २६ अंशांवर.

बेळगावात डिसेंबरच्या पहाटे खोली १५ अंशांपर्यंत उतरते. जॅकेट २५ दाखवत असतं, पण बाहेर डोकावणारी स्टीलची सुई खोलीइतकी थंड झालेली असते आणि शाई नेमकी सुईतच गोठते. मग लोक दाब वाढवतात, गुठळी एकदम सुटते आणि पेशी चिरडतात. स्टीलच्या लांब सुईऐवजी प्लॅस्टिकची निमुळती टिप वापरा आणि जॅकेट टिपेच्या खांद्यापर्यंत खाली आणा. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं: एसी बंद असेल तर शाई टिपेतून थेंबाथेंबाने ओघळते, धागा धरतच नाही. एसी नसेल तर त्या दिवसांत सकाळी लवकर छापा.

पावसाळ्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात जास्त नासाडी तेव्हाच होते. खोली २५ अंशांवर आणि हवेत ८५ टक्के ओलावा असेल तर दवबिंदू २२ अंशांच्या आसपास येतो. तुम्ही छापायची पाटी १५ अंशांवर थंड ठेवली असेल तर तिच्यावर दव धरणारच. ते पाणी धाग्याखाली शिरतं, पहिला थर पसरतो, आणि त्याच पाण्यातून बुरशीचे बीजाणू आत येतात. एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून ओलावा ५० टक्क्यांवर आणला की दवबिंदू १४ अंशांच्या जवळ जातो, मग १५ अंशांची पाटी कोरडी राहते. तेवढं जमत नसेल तर पाटी २० अंशांवर ठेवा, ओलावा दव धरणार नाही इतका तरी खाली आणा आणि दोनच थर छापा.

शाई

पहिली शाई अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा, कॅल्शियमने गोठणारा पदार्थ) आणि जिलेटिनची असू द्या. स्वस्त आहे आणि बिघडली तर हळहळ वाटत नाही. शेवटी ३ टक्के अल्जिनेट आणि ६ टक्के जिलेटिन हवं आहे, पण पेशी मिसळताना शाई दहा टक्क्यांनी पातळ होते, म्हणून आधी थोडी घट्ट करायची.

९ मिलीलिटर डीपीबीएस (पेशींना चालणारं, फॉस्फेट असलेलं खारं पाणी) घ्या. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेलंच हवं. बाटलीवर नीट वाचा, कारण कॅल्शियम असेल तर अल्जिनेट भांड्यातच गोठायला लागतं. ६० अंशांना मॅग्नेटिक स्टररवर ०.६ ग्रॅम जिलेटिन विरघळवा, अर्धा तास लागतो. मग तापमान ४० वर आणा आणि ०.३ ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमटीचिमटीने भुरभुरत घाला. एकदम ओतलंत तर पिठल्यात बेसन ओतल्यासारख्या गुठळ्या होतात आणि मग त्या दोन तासांतही फुटत नाहीत. दोन-तीन तास झाकून ढवळत ठेवा. शेवटी कोमट असतानाच सेंट्रिफ्यूजमध्ये ५ मिनिटं फिरवून बुडबुडे वर काढा. राहिलेला प्रत्येक बुडबुडा छापताना धागा तोडतो.

निर्जंतुक कसं करायचं यावर नवीन मुलं हमखास चुकतात. ऑटोक्लेव्ह करू नका. अल्जिनेटच्या लांब साखळ्या उष्णतेने तुटतात, शाई पातळ होते आणि मग ‘काल जमलं, आज का जमेना’ असं होतं. पेशींच्या कामासाठी निर्जंतुक दर्जाचं अल्जिनेट विकत घ्या. नुसत्या सरावासाठी पावडर पातळ पसरून अतिनील दिव्याखाली अर्धा तास ठेवली तरी भागतं. जिलेटिनचं द्रावण मात्र कोमट असताना ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळता येतं.

छापलेली जाळी घट्ट करायला कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण १०० मिलीमोलर हवं. बाटलीत निर्जल पावडर असेल तर १०० मिलीलिटरला १.११ ग्रॅम, डायहायड्रेट असेल तर १.४७ ग्रॅम. हे न बघता वजन केलं की द्रावण पाऊणपट ताकदीचं होतं आणि जाळी दुसऱ्या दिवशी विरघळते. हे द्रावण पीबीएस या तशाच फॉस्फेटच्या खाऱ्या पाण्यात बनवू नका: फॉस्फेट कॅल्शियमला धरतो, पांढरा गढूळ साका बसतो. शुद्ध पाण्यात ०.२४ ग्रॅम हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घालून पीएच ७.४ करा. मीठही घालू नका. १०० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइडचा खारटपणा तसाच पेशींच्या आतल्या खारटपणाच्या जवळपास असतो, वर मीठ घातलं की पेशी आकसतात.

पेशी आणण्याआधी कागद

शिकण्यासाठी माणसाच्या पेशी लागत नाहीत. पुण्याचं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) संस्थांना पुरवतं. उंदराच्या फायब्रोब्लास्टचं (ऊतींना आधार देणाऱ्या पेशींचं) एल-९२९ हे वाण काटक आहे, त्यानेच सुरुवात करा. वाढत्या पेशींचा फ्लास्क प्रवासात काठोकाठ मीडियमने (पेशींच्या पोषक द्रवाने) भरलेला आणि झाकण घट्ट असलेला असतो. अर्धवट भरला तर निपाणी-संकेश्वरपर्यंतच्या हिंदकळण्याने पेशी तळ सोडतात. थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, बर्फ घालू नका, आणि बसने येत असाल तर खोकं मांडीवर घ्या, डिकीत टाकू नका. पोचल्यावर लगेच उघडू नका. बाहेरून स्पिरिटने पुसून, आडवा करून रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवा. त्यानंतर मायकोप्लाझ्मा या पेशी नासवणाऱ्या जिवाणूची चाचणी करा आणि ती होईपर्यंत दुसऱ्या पेशींपासून लांब ठेवा.

पुढे माणसाची कूर्चा वापरायची झाली, उदाहरणार्थ नाकाचं हाड सरळ करण्याच्या ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. स्टेम सेल असतील तर आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वेगळी समितीही लागते. संमतीपत्र रुग्णाला समजेल त्याच भाषेत द्यायचं असतं. आपल्याकडे खानापूरहून आलेला माणूस मराठी वाचतो आणि गोकाकहून आलेला कन्नड. फक्त इंग्रजी अर्जावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. दोन्ही भाषांतले अर्ज छापून ठेवा आणि ‘तुमच्या तुकड्यापासून तुम्हाला नवीन अवयव मिळणार नाही, हा अभ्यास आहे’ हे वाक्य त्यात ठळक घाला. छापलेली ऊती माणसात बसवायची तर ती सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या परवानगीने, २०१९च्या नियमांखाली, क्लिनिकल ट्रायल म्हणूनच. कॉलेजच्या पातळीवर तो विषयच नाही.

मिसळणे आणि छापणे

आधी पेशींशिवाय छापा. पण एक पथ्य पाळा: सरावाच्या शाईतही दहा टक्के साधं डीपीबीएस मिसळा. घट्ट शाईवर दाब ठरवला आणि नंतर पेशी घालून ती पातळ झाली, की ठरवलेलं सगळं वाया जातं.

खऱ्या छपाईला ३ मिलीलिटर पुरे. ट्रिप्सिन या विकराने पेशी फ्लास्कच्या तळापासून सोडवा, मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रिपॅन ब्लू घालून मोजा. जिवंत पेशी ९० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या दिवशी छापू नका. खराब पेशी छापून प्रिंटरला दोष देण्यात अर्थ नाही. ३० लाख पेशी ०.३ मिलीलिटर डीपीबीएसमध्ये घ्या आणि ३७ अंशांवर ठेवलेल्या २.७ मिलीलिटर शाईत मिसळा. म्हणजे मिलीलिटरला दहा लाख पेशी. मिसळायला पिपेट वापरू नका, बुडबुडे होतात. दोन सिरिंजा लुअर-लॉक जोडणीने तोंडाला तोंड लावा आणि शाई हळूहळू इकडून तिकडे २० ते ३० वेळा ढकला. दोन्ही सिरिंजांत आधी हवा शिल्लक ठेवू नका.

भरलेली सिरिंज जॅकेटमध्ये १५ ते २० मिनिटं तशीच राहू द्या, आतपर्यंत २५ अंश व्हायला तेवढा वेळ लागतो. मग टिपेतून हवेत थोडी शाई सोडून बघा. खाली लोंबणारा अखंड धागा आला तर तापमान जमलं. टिपेशी गोल थेंब फुगत असेल तर शाई अजून पातळ आहे, एक अंश कमी करा. धागा खरखरीत, चकलीसारखा काटेरी आणि तुटक आला तर ती जास्त गोठली आहे.

२५ गेजची निमुळती टिप (आतला व्यास ०.२५ मिलिमीटर), वेग सेकंदाला ८ मिलिमीटर, थराची उंची ०.२ मिलिमीटर. दाब १५ किलोपास्कलपासून पाच-पाचने वाढवा. या शाईला बहुधा २० ते ६० च्या दरम्यान चांगला धागा मिळतो. १०० च्या वर जावं लागलं तर दाब वाढवू नका, तापमान तपासा. १५ मिलिमीटरची जाळी, धाग्यांमध्ये १.५ मिलिमीटर अंतर, एकाआड एक थर आडवा-उभा, असे चार थर. थराला ११ रेषा, म्हणजे चार थरांत ६६० मिलिमीटर धागा, वेळ दीड मिनिटाच्या आत. एका जाळीला शाई जेमतेम ३२ मायक्रोलिटर जाते. धागा फुगतो तो धरून दुप्पट समजा.

भरल्यापासून ४५ मिनिटांत छपाई संपवा. सिरिंजमधल्या पेशींना ना ताजा प्राणवायू मिळतो ना अन्न, शिवाय त्या हळूहळू खाली बसतात, त्यामुळे पहिल्या जाळीत पेशी दाट आणि शेवटच्या जाळीत विरळ होतात. मध्येच वीज गेली तर ती जाळी टाकून द्या. मोटरला आपली जागा आठवत नाही, पुन्हा जुळवत बसण्यात वेळ जातो. इनक्युबेटरला मात्र यूपीएस हवाच, आणि वीज नसताना त्याचं दार अजिबात उघडायचं नाही.

छापून झाल्यावर जाळीवर कॅल्शियम क्लोराइड हळूच काठाने सोडा, वरून ओतू नका, धागे सरकतात. पाच मिनिटांनी काढा, मीडियमने दोनदा धुवा आणि दहा टक्के सीरम असलेल्या मीडियममध्ये ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. ३७ अंशांवर जिलेटिन वितळून निघून जातं आणि मागे अल्जिनेटचा सांगाडा उरतो. पुढच्या दिवसांत मीडियममधला सोडियम आणि फॉस्फेट कॅल्शियम खेचून घेतो, जाळी मऊ होत जाते. मीडियम बदलताना त्यात २ ते ५ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड असू द्या. धुण्यासाठीही पीबीएस वापरू नका, त्यानेही तेच होतं.

जमलं की नाही, कसं ओळखायचं

आकार मोजायला मोबाइलचा कॅमेरा आणि इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर बास. जाळीतल्या एका भोकाचा परीघ मोजा, त्याचा वर्ग करा, आणि १६ गुणिले क्षेत्रफळ याने भागा. भोक चोख चौकोनी असेल तर उत्तर १ येतं. धागे पसरून भोक गोल झालं असेल तर ०.७८ च्या जवळ. १ पेक्षा बरंच जास्त म्हणजे धागा खडबडीत, शाई जास्त गोठलेली. ०.९ ते १.१ मध्ये आलात की आकाराची काळजी सोडा.

पेशी जिवंत आहेत का, हे महत्त्वाचं. कॅल्सीन-एएम २ मायक्रोमोलर आणि इथिडियम होमोडायमर ४ मायक्रोमोलर या दोन रंगांत जाळी ३७ अंशांवर अर्धा तास. फ्लोरोसेन्स मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बघा. पण नुसती छापलेली जाळी बघून काही कळत नाही, म्हणून दर वेळी तीन गोष्टी बाजूला ठेवा: त्याच पेशी साध्या प्लेटमध्ये, त्याच पेशी शाईत मिसळून, न छापता ओतून कॅल्शियमने घट्ट केलेल्या, आणि छापलेली जाळी.

साध्या प्लेटमध्येच मेल्या असतील तर दोष पेशींचा किंवा ट्रिप्सिनचा. प्लेटमध्ये ठीक पण ओतलेल्यात मेल्या, तर शाईत, मिसळण्यात किंवा कॅल्शियमच्या द्रावणात खोट आहे. पीएच मोजा, किती मिनिटं ठेवलं ते बघा. ओतलेल्यात ठीक आणि फक्त छापलेल्यात मेल्या, तरच दाब आणि टिप यांच्याकडे वळा. हे न करता दाब कमी-जास्त करत महिने घालवणारे गट बरेच असतात. टिप निम्म्या व्यासाची केली तर पाण्यासारख्या द्रवाला तेवढ्याच प्रवाहासाठी १६ पट दाब लागतो. बायोइंक ओढली की पातळ होते म्हणून तिला काहीसा कमी लागतो, पण बारीक नोझलचा मोह महागात पडतो तो असा. धागा सुबक दिसतो आणि पेशी नळीच्या कडेला घासून फाटतात.

अल्जिनेटमध्ये फायब्रोब्लास्ट गोलच राहतात. त्या मेल्या असं समजू नका. अल्जिनेटला पेशी धरून बसतील अशी जागाच नसते. हिरव्या आणि गोल म्हणजे जिवंत आहेत, फक्त पाय पसरायला काही नाही. पाय पसरलेल्या पेशी बघायच्या असतील तर पुढची पायरी जेलएमएची, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जिलेटिनची: ७ टक्के जेलएमए, ती क्रिया सुरू करणारं एलएपी हे रसायन ०.२५ टक्के, छापल्यावर ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश ३० ते ६० सेकंद. एलएपीची बाटली फॉइलमध्ये गुंडाळा. वरचा थर चिकट राहत असेल तर हवेतला प्राणवायू ती क्रिया अडवतो आहे. वेळ वाढवत नेऊ नका, पेशी होरपळतात. वर पातळ काचपट्टी किंवा मीडियमचा थर ठेवून प्रकाश द्या.

काम संपल्यावरचा कचरा २०१६च्या जैववैद्यकीय नियमांप्रमाणे: पेशींचा कचरा ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत, सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, स्टीलच्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. उद्यमबागेतून जॅकेट दुरुस्तीला पाठवायचा असेल तर तो आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसून पाठवा, कातणाऱ्या माणसाने त्याला उघड्या हाताने धरायचं असतं.

जाड ठोकळा

जाळी सलग तीन वेळा सातव्या दिवसापर्यंत जिवंत राहिली की हा प्रयोग करा. त्याच शाईने, त्याच पेशींनी एक भरीव ठोकळा करा: १० मिलिमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाड, आत भोकं नाहीत. कॅल्शियम आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून १५ मिनिटं बुडवा. तोच वेळ जाळीलाही द्या, नाहीतर तुलना चुकते. पेशी मिलीलिटरला दहा लाखांऐवजी एक कोटी करा, फरक लवकर दिसतो. तिसऱ्या दिवशी नव्या धारदार ब्लेडने ठोकळा मधोमध कापा आणि कापलेली बाजू रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवा.

काठाला हिरवी किनार दिसेल आणि आत जाल तशी ती लाल होत जाईल. किनारीची जाडी मोजून वहीत लिहा, चारही बाजूंना आणि तळाला वेगवेगळी. तळाची बाजू प्लेटला टेकलेली असते, तिथे किनार जवळजवळ नसते. मग शेजारी जाळीचा धागा ठेवा. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असल्याने तो मधोमधही हिरवा असतो.

आता ठोकळ्यात वाट काढायची. प्लुरॉनिक एफ-१२७ हा पदार्थ जिलेटिनच्या उलट वागतो: खोलीच्या तापमानाला घट्ट, फ्रिजमध्ये पाण्यासारखा. ३० टक्क्यांचं द्रावण थंड असताना बनवा, २२ गेजच्या टिपेने खोलीच्या तापमानाला त्याच्या दोन सरळ रेषा छापा, त्यांची टोकं साच्याच्या भिंतींना भिडवा. वर पेशींची शाई २५ अंशांवर ओता, अजून सैल असेल तेव्हाच. गरम ओतली तर बसायला वेळ लागतो आणि तोवर रेषा फुगून विरघळू लागतात. शाई बसली की कॅल्शियमने घट्ट करा. मग पूर्ण साचा ४ अंशांवर दहा मिनिटं ठेवा आणि बारीक सिरिंजने वितळलेलं प्लुरॉनिक बाहेर काढा. मागे दोन नळ्या राहतात. थंडी दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका, आणि नळी कॅल्शियम घातलेल्या मीडियमने तीनदा धुवा, प्लुरॉनिक शिल्लक राहिलं तर कडेच्या पेशी मरतात. नळीच्या एका टोकाला पेरिस्टाल्टिक पंप लावून मिनिटाला ०.१ मिलीलिटर मीडियम फिरवा. तीन दिवसांनी पुन्हा तसाच कापा, नळीला आडवा, आणि नळीभोवतीची हिरवी किनार किती जाड आली ते आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. पुढच्या खेपेला दोन नळ्यांमधलं अंतर त्या जाडीच्या दुपटीपेक्षा थोडं कमी धरा.